चौदा घरांचा सप्ताह

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. मंडळानं आम्हाला निरोप धाडला, "महाराज, या वेळी कीर्तन नको. गावोगाव हिंडून सेवा कशी करता, ते बोला. पुस्तकात छापायचं आहे." आता आमचं शिक्षण चौथी. भाषण कधी केलं नाही. कीर्तनात बरं असतं, आपण कुठं अडकलो तर पाठीमागचे टाळकरी चाल उचलून धरतात. इथं पाठीमागं नुसत्या खुर्च्या आहेत. तरी आज्ञा झाली म्हणून उभे राहिलो. वेडंवाकडं बोललो तर लेकराचं म्हणून पोटात घाला.

पहिल्यांदा एक सांगतो. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते एकट्यापुरतं नाही. त्यात आमचा मृदंगवाला आहे, चाल म्हणणारे दोघे आहेत, आणि घरी राहून गुरं-वासरं बघणारी आमची मंडळी आहेत. एवढी पाच माणसं मिळून एक कीर्तन होतं. लोकांना दिसतो तो फेटेवाला तेवढा दिसतो.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरकडेला, आष्टी-पाथर्डीच्या शिवेवर. पाच एकर रान, सगळं पावसावर. एक विहीर आहे, ती माघापर्यंत साथ देते. १९७२ च्या दुष्काळात आमची शाळा सुटली. दुष्काळी कामावर खडी फोडायला वडिलांबरोबर गेलो. तिथं सुकडी मिळायची. वडील माळकरी. दिवसभर खडी फोडून रात्री कामावरचीच माणसं गोळा करून हरिपाठ घ्यायचे. टाळ एकच जोडी होती, बाकीचे हातानं टाळी वाजवायचे. आमचं सगळं पाठांतर तिथं झालं. पुढं गुरुवर्यांनी पदरात घेतलं. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं पोरं चार वर्षं शिकतात, माधुकरी मागून खातात आणि तयार होऊन बाहेर पडतात. आमच्या नशिबी ते नव्हतं. आम्ही औत हाकता हाकता शिकलो. एक तास धरला की एक अभंग, दुसरा तास धरला की दुसरा. बैलांना सुद्धा गाथा पाठ झाली असंल.

आता वर्षाचं गणित सांगतो. कार्तिकी झाली, आळंदीला माउलींचा समाधी सोहळा झाला, की सप्ताह सुरू होतात. दत्तजयंती, मग तुकाराम बीज, नाथषष्ठी, रामनवमी, हनुमान जयंती, ते थेट अक्षय तृतीयेपर्यंत. मिरग जवळ आला की कीर्तन बंद आणि पाळी-पेरणी. पेरून झालं की ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, तिच्याबरोबर पंढरपूर. पेरणी आणि वारी यांची ओढाताण सगळ्या शेतकरी वारकऱ्यांना ठाऊक आहे. पाऊस लांबला तर डोळे आभाळाकडं आणि पाय वाटेवर.

सप्ताह म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पुस्तक उद्या नातवंडं वाचतील म्हणून सांगतो. पहाटे काकडा. सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, सात दिवसांत अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. दुपारी गाथा भजन, मग प्रवचन, सांजच्याला हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि पुढं जागर. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. आणि या सगळ्यात विणा खाली ठेवायचा नाही. रात्रंदिवस कोणी ना कोणी तो गळ्यात घेऊन उभं राहायचं. त्याला पहारा म्हणतात.

सराला बेटाचा सप्ताह तुम्ही पाहिला असंल. लाखांनी माणूस, गावोगावच्या घराघरातून भाकरी येते आणि आमटीच्या कढया उकळतात. त्या सोहळ्याला आमचा दंडवत आहे. पण आमची वाट वेगळी. आम्ही जातो ते वाड्या-वस्त्यांवर. आमच्या डोंगराच्या पलीकडं एक वस्ती आहे, चौदा घरांची. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. तिथं गेली बावीस वर्षं सप्ताह होतो.

आता हिशेब करा. सात दिवसांचे तास होतात १६८. दोन तासांचा एक पहारा धरला तर पहारे झाले ८४. घरं चौदा. म्हणजे घरटी सहा पहारे. हजार घरांच्या गावात पहारा मिळावा म्हणून चिठ्ठ्या टाकतात, आणि इथं एका घराला सहा वेळा उभं राहायचं आहे. त्यात गडीमाणसं रानात. एका वर्षी दुपारच्या पहाऱ्याला माणूसच नव्हता, तर सासरहून सप्ताहाला आलेल्या दोन लेकी पुढं झाल्या आणि त्यांनी विणा घेतला. कोणी काही बोललं नाही. म्हातारे पाया पडले. तेव्हापासून दुपारचे पहारे लेकी-सुनाच घेतात.

अशा ठिकाणी कीर्तनाला किती माणूस असतं? एका रात्री आम्ही मोजले, समोर अकरा आणि पाठीमागं टाळकरी तेरा. ऐकणाऱ्यांपेक्षा म्हणणारे जास्त. आमचा चालवाला हसायला लागला. आम्ही म्हटलं, हसू नको, हे अकरा जण दिवसभर कांदा काढून आलेत. बसल्या जागी डोळा लागंल अशी त्यांची अवस्था आहे, तरी आलेत. मांडवात पाच हजार असतात तेव्हा एखादा झोपला तर कळत नाही. अकरा जणांत एकजण पेंगला तर आपलंच काहीतरी कमी पडतंय असं वाटतं. मग लांबड लावता येत नाही. अभंगाच्या चरणाला धरून बोलावं लागतं. लहान वस्तीनं आम्हाला नेटकं बोलायला शिकवलं.

दुसरी गोष्ट लाईटची. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीची पाळी आली की कीर्तन रंगात आलेलं असतं, आणि साडेदहाला कोणीतरी कानात सांगतं, लाईट आली. निम्मी माणसं उठतात आणि बॅटरी घेऊन मोटारी चालू करायला पळतात. बाहेरच्या कीर्तनकाराला राग येतो. आम्हाला येत नाही. आमच्याही घरी त्याच वेळी मोटार चालू करायला कोणीतरी उठलेलं असतं. आम्ही म्हणतो, जावा माउली, गव्हाला पाणी द्या, आम्ही तुमच्या वाटचं नाव घेतो. आणि गावठाणाची लाईट गेली तर कर्णा बंद, मग नुसत्या गळ्यावर कीर्तन. खरं सांगायचं तर ते जास्त गोड होतं. नाहीतर कर्णेवाला असला एको लावतो की 'विठ्ठल' एकदा म्हटलं तर तीनदा ऐकू येतं.

जाण्यायेण्याचं सांगतो. पूर्वी बैलगाडी, मग सायकल. सायकलच्या कॅरेजवर पखवाज आडवा बांधायचा, तर तो दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळीला घासायचा. मग एसटी. संध्याकाळी मुक्कामी गाडी वस्तीला यायची, तिच्यातून जायचं आणि पहाटे तिच्यातूनच परत. डायव्हर-कंडक्टर बिचारे गाडीतच झोपायचे. त्यांना कीर्तनाला घेऊन यायचो. एक कंडक्टर इतका चांगला टाळ वाजवायचा की लोक विचारायचे, आज मुक्कामी कोण आहे? आता दोन मोटारसायकली. मृदंगवाला मागं बसतो आणि पखवाज मांडीवर लेकरासारखा धरतो.

पखवाज लेकरासारखाच आहे. पावसात भिजला की रुसतो, थंडीत घशी धरतो. उजवीकडं शाई, डावीकडं धुमीला कणीक. प्रत्येक गावात पोचलं की पहिलं काम, कोणाच्या तरी घरातून मूठभर कणीक मागून आणायची, मळायची, धुमीला लावायची, मग गट्टे ठोकून सुरात आणायचा. आमची पट्टी तरुणपणी पांढरी पाच होती, आता काळी दोनवर आलो. त्या हिशेबानं पखवाज उतरवावा लागतो. गळ्याला ज्येष्ठमध आणि गरम पाणी. थंडीच्या दिवसांत रात्री दही-ताकाला हात लावत नाही.

आता अवघड विषय. पैशाचा. हा विषय दिंडीत कोणी काढत नाही. आमची साठी उलटली, आता आम्ही नाही काढला तर कोण काढणार?

तुकोबारायांनी कीर्तनकाराला कडक पथ्य घालून दिलंय. जिथं कीर्तन करायचं तिथं जेवायचं नाही, गळ्यात माळ घालून घ्यायची नाही, कपाळाला बुका लावून घ्यायचा नाही. एवढंच नाही, आपल्या बैलाला वैरण सुद्धा मागायची नाही. आणि पैसा घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही त्यांनी सोडलेलं नाही. वडिलांनी हे पथ्य पाळलं, आम्हीही पाळतो. भाकरी घरून बांधून नेतो. गावाचं पाणी पितो. हार आला तर तो विण्याला घालतो. काल्याचा प्रसाद मात्र घेतो, तो देवाचा आहे.

एकदा फाल्गुनात आम्ही कारखान्याच्या भागात गेलो होतो. आमच्याकडची माणसं दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. गावात मागं राहतात म्हातारी आणि लेकरं. काही पोरांनी निरोप दिला, "महाराज, आमचा सप्ताह हुकला, एक दिवस इकडं या." कोप्यांच्या मधी मोकळी जागा, तिथं एक पाल अंथरलं. मांडव नाही, कर्णा नाही. माणसं पहाटे तीनला उठून फडात जाणारी, म्हणून एकच तास कीर्तन. बाया भाकरी थापता थापता ऐकत होत्या, चुलीच्या उजेडात त्यांचे हात तेवढे दिसत होते. कीर्तन संपलं. त्यांच्याजवळ द्यायला काय असणार? एका माउलीनं वाढ्याची मोठी मोळी आणली. म्हणाली, "तुमच्या बैलाला घेऊन जावा." आम्ही हसलो आणि हात जोडले. म्हटलं, माउली, नेमकं हेच तुकोबारायांनी नको म्हटलंय. तिलाही हसू आलं. पण डोळ्याला पदर लावूनच ती मोळी परत घेऊन गेली. नको म्हणणं सुद्धा सोपं नसतं, हे त्या दिवशी कळलं.

तर पथ्य आहे, आणि ते बरोबर आहे. पण हे पथ्य कीर्तनकाराला आहे. त्याचं घर शेतीवर चालतं, चाललं पाहिजे. मृदंगवाल्याचं काय?

आमचा मृदंगवाला सव्वीस वर्षांचा. बापाला जमीन दीड एकर. चार वर्षं आळंदीला राहिला, माधुकरीवर जगला, बोल असे स्वच्छ की लहान पोरानं ऐकून म्हणावेत. सहा महिने तो आमच्याबरोबर हिंडतो. रात्री बाराला कीर्तनातून सुटतो, दोनला घरी. दुसऱ्या दिवशी रोजानं कामाला जायचं तर अंग साथ देत नाही. त्याच्यासाठी पोरगी बघायला गेलो होतो. पाहुणे म्हणाले, "मुलगा काय करतो?" आम्ही सांगितलं, मृदंग वाजवतो. पाहुणे म्हणाले, "ते झालं, पण काम काय करतो?" सोयरीक तिथंच मोडली.

लहान गावचं पाकीट कुठं पाचशे एक, कुठं अकराशे. आम्ही एक नेम केलाय आणि तो प्रत्येक गावाला आधीच सांगतो. पाकीट सगळ्यांसमोर मृदंगवाल्याच्या हातात द्यायचं. पहिल्यांदा गाड्यांचं तेल. मग मृदंगवाल्याचा आणि चालवाल्यांचा रोज. कांदा काढणाऱ्या गड्याला त्या गावात जो रोज मिळतो, तेवढा तरी मृदंगवाल्याला पडला पाहिजे. उरलं तर पखवाजाच्या पुडीसाठी डब्यात. आमच्या हाताला पाकीट लागत नाही.

एका गावात एक जाणते गृहस्थ उठले. म्हणाले, "महाराज, रोजाची भाषा देवळात शोभत नाही. तुकोबाराय काय म्हणाले?" आम्ही सांगितलं, तुकोबारायांनी कीर्तन विकू नका म्हणून सांगितलं. मृदंगवाल्याला उपाशी ठेवा असं सांगितलं नाही. मांडववाल्याला तुम्ही रोख देता, कर्णेवाल्याला आगाऊ देता, आचाऱ्याशी ठरवून घेता. त्या सगळ्यांना चालतं आणि ज्याच्या हातावर भजन उभं राहतं त्याला चालत नाही, असं कसं? त्यावर ते गप्प बसले. दुसऱ्या वर्षी त्यांनीच रोजाची रक्कम वाढवली, हे पण सांगितलं पाहिजे.

तरीही ते पुरत नाही. गेल्या मार्गशीर्षात पोरगा आम्हाला म्हणाला, "महाराज, रांजणगावला कंपनीत काम मिळतंय. बारा तास आहे, पण महिन्याला पगार आहे." आम्ही त्याला अडवलं नाही. कोणत्या तोंडानं अडवणार? त्याच्या आईचं दुखणं आम्हाला ठाऊक आहे. आम्ही एवढंच म्हटलं, चैत्रापर्यंतचे नारळ घेतलेत, तेवढे पुरे कर. नारळ म्हणजे शब्द. गावानं नारळ दिला आणि आपण घेतला, की तिथं जायचं.

ही गोष्ट त्या चौदा घरांच्या वस्तीत कळली. तिथल्या म्हाताऱ्यांनी शेजारच्या तीन गावांत निरोप धाडले. चार गावांची माणसं देवळात बसली. भाषणं नाहीत, ठराव नाही. त्यांनी ठरवलं की आठवड्यातून एक एक दिवस पोरानं त्यांच्या गावात येऊन मुलांना पखवाज शिकवायचा, त्याचे दर महिन्याला पैसे द्यायचे, आणि सुगीला घरटी पायली-पायली धान्य. आज त्याच्याकडं चार गावांत मिळून सतरा मुलं शिकतात, त्यात तीन मुली आहेत. कंपनीएवढा पगार होत नाही. पण या वर्षी तो थांबला. पुढच्या वर्षीचं आम्ही सांगू शकत नाही. पांडुरंगालाच ठाऊक.

लहान गावांचे सप्ताह का मोडतात, ते आम्ही डोळ्यांनी बघतोय. एखाद्या वर्षी पोरांना वाटतं, आपल्याकडंही मोठ्या नावाचे महाराज आले पाहिजेत. एका रात्रीसाठी घरटी वर्गणी दुप्पट होते. मांडव भरतो, मोबाईल वर होतात, रात्र गाजते. बाकीच्या सहा रात्रींना खर्चायला काही उरत नाही. पुढच्या वर्षी गरीब घरं म्हणतात, आम्हाला जमणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सप्ताहच होत नाही. यात मोठ्या महाराजांचा दोष नाही, त्यांच्याही मागं माणसं आहेत. पण चौदा घरांनी हजार घरांचं सोंग आणलं की पहिल्यांदा विणा खाली येतो.

आता घरातल्या माउलीचं सांगून थांबतो. आम्ही चाळीस वर्षं हिंडलो. त्या चाळीस वर्षांत धार काढणं, पाणी भरणं, रात्रीची मोटार, लेकरांची आजारपणं, सगळं त्यांनी केलं. शिदोरी बांधून दिली ती त्यांनी. जगाला आम्ही कीर्तन ऐकवलं आणि त्यांनी आमची कीर्तनं हातावर मोजण्याएवढी ऐकली, ती सुद्धा वारीत, दिंडीच्या राहुटीत. वारीचे ते दिवस त्यांना माहेरासारखे वाटतात. या दिंडीनं शंभर वर्षांत आम्हाला काय दिलं असं विचाराल, तर आम्ही हेच सांगू.

मंडळापुढं आमच्या तीन विनंत्या आहेत. शताब्दीनिमित्त जे काही दगडा-विटांचं बांधायचं ते बांधा. पण एक, दिंडीतल्या प्रत्येक गावानं एक तरी मूल पखवाजाला बसवावं आणि त्याला शिकवणाऱ्याला नेमानं पैसे द्यावेत. दोन, पाकिटाचा हिशेब सगळ्यांसमोर व्हावा आणि साथीदाराचा रोज त्यात पहिला निघावा. तीन, ज्या वस्तीवर पहाऱ्याला माणसं कमी पडतात, तिथं मोठ्या गावानं एका दिवसाचे पहारेकरी पाठवावेत. बारा माणसं एक दिवस गेली तरी एका वस्तीचा सप्ताह उभा राहतो. खर्च काही नाही, जाताना भाकरी बांधून न्यायची.

आमचा गळा अजून चार-पाच वर्षं चालंल. तोवर नारळ येईल तिथं जाऊ. अकरा असोत नाहीतर अकराशे.

अधिक-उणं बोललो असंल तर क्षमा करा. पुंडलिक वरदा म्हणून सेवा थांबवतो.

रामकृष्ण हरी!